सरळ पवायचं राहिलंय

अण्णांना जाऊन आता वर्ष होईल. पाण्यात गेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते, कारण बेंबळीच्या आसपासच्या अर्ध्या लोकांना ते एक दिवस पाण्यातच जाणार याची खात्री होती. तसं काही झालं नाही. दुपारचं जेवले, खाटेवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. एवढ्या विहिरींना दमवलेला माणूस कोरड्या खाटेवर गेला.

ते माझ्या नात्यातले नव्हते. आमच्या शेताला त्यांचा बांध लागून, एवढाच संबंध. पण सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं म्हणून आम्हीही अण्णा म्हणायचो. शेती जेमतेम, आणि तिच्यात त्यांचं मन फारसं नव्हतंच. त्यांची खरी ओळख वेगळी होती. कुणाची मोटर विहिरीत पडली, घागर बुडाली, रेडकू घसरलं, की लोहाऱ्यापर्यंतची माणसं मोटारसायकलवर बसवून अण्णांना न्यायची. अण्णा काठावर पोचले की आधी विहिरीचा मालक कोण ते विचारायचे. मालक समोर नसला तर तो येईपर्यंत बसून राहायचे. लोक ओरडायचे, "अहो अण्णा, रेडकू मरंल की!" तर म्हणायचे, "मग पळत जावा आन् मालकाला आणा. ज्याची हीर, त्याचं ऐकायचं. इचारल्याबिगर म्या उतरत न्हाय." एकाच कारणानं हा नियम मोडायचे, विहिरीत माणूस असलं की. तेव्हा काठावर फक्त त्यांच्या चपला दिसायच्या.

वस्तू काढून दिली की एक नारळ घ्यायचे. माणूस काढलं तर त्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत, आणि दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्या दोन दिवसांत ताट वाढून मुकाट बाजूला व्हायच्या. एरवी त्या मुकाट राहणाऱ्यातल्या नव्हत्या.

दुसरी खोड चवीची. कुठल्याही पाण्यात उतरायच्या आधी ओंजळभर घेऊन जिभेवर लावायचे. चूळ भरून टाकायचे आणि मग सांगायचे, गाळ किती, झरा कुठल्या अंगाला. एका लग्नात टँकरचं पाणी आलं होतं. अण्णांनी पेला तोंडाला लावला आणि टँकरवाल्याला बोलावलं. "हे ढोकीकडलं हाय. उसाच्या रानातलं." तो शपथा घेऊन सांगायला लागला की बेंबळीतूनच भरून आणलंय. अण्णांनी दुसरा घोट घेतला आणि नुसतं बघत राहिले. तो बिचारा शेवटी म्हणाला, "व्हय अण्णा, हितली लाईट गेली व्हती." लग्नातली माणसं नवरा-नवरीला सोडून अण्णांकडं बघायला लागली.

आमच्या गावातली किती पोरं त्यांनी पोहायला शिकवली याची मोजदाद नाही. आधी पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे, मग तेलाचे पत्र्याचे डबे आले, मग प्लास्टिकचे कॅन. पण भोपळा असो की कॅन, पहिले तीन दिवस पाण्यात उतरायचंच नाही. पायरीवर बसायचं, पाय सोडायचे आणि पाण्याला आपलं नाव सांगायचं. पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा. पोरं हसायची. अण्णा गंभीर. "हसू नगंस. वळख न्हाय पाळख न्हाय, ते तुला कशापायी वर धरंल?"

विहिरीत उतरलेली गावातली पहिली मुलगी मी. वय नऊ. वडील तयार नव्हते, पोरीची जात, लोक काय म्हणतील वगैरे नेहमीचंच. अण्णा आमच्या ओट्यावर येऊन बसले, पाणीही न घेता म्हणाले, "बुडताना पाणी पोरगा-पोरगी इचारत न्हाय." वडिलांनी हो म्हटलं. अण्णांची थोरली बहीण पाणी शेंदताना घसरून गेली होती, हे माझ्या वडिलांना माहीत होतं. मला ते फार पुढं कळलं, तेही अण्णांनी एका वाक्यात सांगितलं म्हणून. "म्या अकरा वर्साचा. काठावर उभा व्हतो." एवढंच. पुढं विचारायची माझी छाती झाली नाही, आणि ते काठावरचं पोर पुढं आयुष्यभर का पाण्यात राहिलं हे विचारायची गरजही उरली नाही.

शिकवायची त्यांची पद्धत अशी. आमच्या विहिरीच्या पायऱ्या अशा होत्या की उतरलं की डावीकडूनच फेरी घ्यावी लागायची. सगळं गाव डावीकडं वळत गोल पोहायचं. शिकाऊ पोरगं भिंतीच्या बाजूला, आणि अण्णा त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे मधल्या खोल पाण्याच्या बाजूला. मी घाबरून मान वळवली की त्यांचं डोकं शेजारी दिसायचं आणि आवाज यायचा, "तिकडं बघू नगं. मधी मी हाय." त्या तीन शब्दांवर मी पोहायला शिकले. पहिली फेरी पूर्ण करून पायरीला हात लावला तेव्हा मला वाटलं आता शाबासकी मिळेल. अण्णा म्हणाले, "बुडली न्हाईस ना? मग झालं." याच्यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडं नव्हतीच. त्यांच्या मुलाला सरकारी नोकरी लागली तेव्हासुद्धा ते हेच म्हणाले होते.

मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन लातूरला गेले. गावाकडं गेले की अण्णांना भेटल्याशिवाय परत यायचे नाही. एकदा गेले तर अण्णा विहिरीच्या काठावर शर्ट घालून बसलेले. शर्ट घालून! सोलापूरला नेऊन त्यांच्या छातीत जाळी बसवली होती. डॉक्टर म्हणाले, विहिरीत उड्या बंद, बुड्या बंद. काकूंनी त्याचा अर्थ पाणीच बंद असा लावला. अण्णांची पट्ट्यापट्ट्याची चड्डी, जी घालून त्यांनी उभं आयुष्य विहिरीत काढलं, ती म्हणे काकूंनी चुलीत घातली. अण्णा माझ्याशी बोलत होते, पण नजर खाली पाण्यावर. दोन वर्षं असंच चाललं. मग एकदा एकाएकी म्हणाले, "एक राहिलंच बघ. ह्या हिरी सगळ्या गोल. वीस हात मारलं की भित येती, वळावं लागतंय. सरळ पवायचं राहिलंय. म्होरं भित न्हाय, असं पाणी."

हे ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही, असं काही मी म्हणणार नाही. झोप आली. पण सकाळी उठून मी नवऱ्याला म्हटलं, आपण सुट्टीत अंदमानला जातोय ना, अण्णांना घेऊन जाऊ. माझा नवरा बँकेत आहे. पाण्याला इतका भितो की आंघोळसुद्धा बादलीला पाठ करून करतो. तो म्हणाला, "दुधात साखर. मी काठावर बसेन, मला सोबत झाली."

काकूंना विचारलं तर त्या यायला तयार नव्हत्या. "म्हशीला कोण बघंल?" अण्णांना पाठवायलाही तयार नव्हत्या. शेवटी मला तुळजाभवानीची आण घ्यायला लावली. "दर्या बघू दे. पाय भिजवू दे. पर कंबरंच्या वर पाणी लागलं तर तू मला तोंड दाखवू नगंस." मी आण घेतली. अण्णा शेजारी बसून शेंगा फोडत होते, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चाललीय.

निघताना त्यांच्या पिशवीत बेंबळीच्या बाजारातला एक नारळ होता. अंदमानला नारळ! विमानतळावर त्या नारळावरून जो खल झाला तो सांगत बसत नाही. पण तो नारळ पोचला.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी बोट होती. सकाळी पोर्ट ब्लेअरहून निघायचं, दोन बेटं बघायची, संध्याकाळी परत. आमच्यासारखी वीसएक माणसं आणि एक गाईड. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, गळ्यात शिट्टी, आवाज असा की सगळ्या बोटीला ऐकू जावा. धक्क्यावरच अण्णा पायरीवर वाकले, बोटं बुडवून जिभेवर लावली आणि थू थू करत उभे राहिले. समुद्र खारट असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं निराळं. बोट सुटली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढं पाणी गं. आन् एका जनावराला पाजता येत न्हाय." शेजारची पुण्याची बाई मोबाईलवर फोटो काढत होती, तिनं मोबाईल खाली घेतला.

पहिल्या बेटाजवळ आम्हाला काचेच्या तळाच्या बोटीत बसवलं. खाली पोवळी, निळे-पिवळे मासे. सगळे ओरडत होते, हे बघा, ते बघा. अण्णा काचेवर दोन्ही हात टेकून ओणवे झालेले. माशांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "तळ दिसतोय," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो अण्णा, पाणी नितळ आहे ना." त्यांनी मान हलवली. "तसं न्हवं. उभ्या जल्मात तळ हातानं बघितला. गाळात चाचपून. डोळ्यानं आज बघतोय." बोट परत वळेपर्यंत ते तसेच ओणवे होते. गाईड त्यांना उठवायला आला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, न उठवताच परत गेला.

दुसऱ्या बेटाकडं जाताना बोटीतच जेवण. बोटवाल्यांचं मासे-भात होतं, पण आमच्याकडं काकूंचे धपाटे होते. नवरा चटणीचा डबा शोधायला अण्णांच्या पिशवीत हात घालून बसला होता. डबा काही लागेना. त्यानं तळापर्यंत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी काढली. उघडली. पट्ट्यापट्ट्याची चड्डी. धुतलेली, घडी घातलेली, नाडी नवी.

अण्णांच्या हातातला धपाटा हातातच राहिला. "जाळली म्हणाली व्हती," ते म्हणाले.

"चुकून आली असेल," नवरा म्हणाला. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो चटणी शोधायला लागला. दोन वर्षं लपवून ठेवलेली चड्डी चुकून पिशवीत येत नसते, आणि नवी नाडी तर मुळीच नाही. काकू तरी किती बेरकी! मला आण घालायची आणि ह्यांना चड्डी द्यायची. म्हणजे ह्यांना पोहूही दे, आणि काही झालं तर जबाबदार मी. मला राग आला, आणि त्याच वेळी हसूही आलं. पण आता ठरवायचं माझ्यावर होतं. ती जाळी बसवलेली छाती, आणि तो समोरचा निळा दर्या. काकूंना फोन लावला तर रेंज नाही. अण्णांनी एका शब्दानं मला विचारलं नाही. चड्डी मांडीवर घेऊन बेट येईपर्यंत बसून राहिले. तेवढं मला पुरलं. मी मनात म्हटलं, भवानीआई, तू आणि काकू दोघी बघून घ्या.

बेटावर पांढरी वाळू, मागं नारळाची झाडंच झाडं. अण्णांनी आपला बेंबळीचा नारळ काढला. गाईड हसायला लागला. "अंकल, यहाँ नारियल ही नारियल है, वहाँ से क्यों लाए?" अण्णांनी आपल्या दखनी हिंदीत त्याला सुनावलं, "पावने के घर जाके उसकाच नारियल उसकू देते क्या?" मग विचारलं, "ये पानी का मालक कौन है?"

"सरकार का है, अंकल."

"तो सरकार की तरफ से तुम बोलो. उतरू क्या?"

गाईडनं आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं बघितलं. हसणं थांबवून तो म्हणाला, "उतरिए. लेकिन जॅकेट पहनके. और वो गोलों के आगे नहीं." किनाऱ्यापासून बरंच आत दोरीला लाल गोळे बांधून हद्द आखलेली होती. केशरी जॅकेट बघून मला वाटलं आता अण्णा बिथरणार. आख्ख्या गावाच्या पाठीला भोपळे बांधलेला माणूस स्वतः कसा बांधून घेईल? पण त्यांनी मुकाट हात पुढं केले. "ज्याची हीर, त्याचं ऐकायचं," म्हणाले. नंतर आमच्या सगळ्या सहप्रवाशांचे पट्टे ओढून ओढून बघितले, आणि तीन जणांच्या गाठी सोडून पुन्हा बांधल्या. त्यातली एक गाईडनं बांधलेली होती. त्यानं ती गाठ दोनदा निरखून बघितली.

मग अण्णा घोट्याइतक्या पाण्यात उभे राहिले आणि दर्याला नाव सांगितलं. पूर्ण नाव. गाव. तालुका. "जिल्हा उस्मानाबाद," म्हणाले, आणि थांबून दुरुस्ती केली, "आता धाराशिव." कुणी हसलं नाही. माझा नवराही नाही.

नारळ फोडला आणि अण्णा पाण्यात शिरले.

मी लगेच मागं होते, आणि गाईड एका लहान होडीतून नजर ठेवून होता. त्यांचे हात दोन वर्षांनी पाण्यात पडत होते, पण असे पडत होते की बघत राहावं. चष्मा काढलेला, डोळे सवयीनं मिटलेले. विहिरीत डोळे कशाला लागतात? वीस हात मारले. आणि डावीकडं वळले. मला वाटलं, लाटेनं वळले असतील. पण ते गोल फिरून पुन्हा माझ्यासमोर आले, डोळे उघडले, किनारा बघितला. "अरारारा," म्हणाले. पुन्हा निघाले. पुन्हा वीस हात, पुन्हा डावीकडं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडे ठेवले, दात आवळले, तरी अंग वळायचं तिथं वळलंच. पुढं भिंत नव्हती, पण अंगाला कुठं माहीत होतं!

चौथ्यांदा ते निघालेच नाहीत. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. धाप लागलेली. तोंडावरून खारं पाणी ओघळत होतं आणि ते सगळं दर्याचं नव्हतं. "न्हाय गं जमत," म्हणाले. "साठ वर्सं गोल फिरलो. आता काय सरळ जातोय म्या! चल."

अण्णांच्या तोंडून 'न्हाय जमत' हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्यावर ओरडले. "काही चल-बिल नाही! आधी दम घ्या." वर्गात पोरांवर ओरडते तशी. ते दचकले. मी त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत वाट बघितली, तोंडाचा रंग बघितला, गाईडला खूण करून त्याची होडी जवळ बोलावली. आणि मग त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले.

"निघा," मी म्हटलं. "मधी मी हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे मिटले आणि निघाले.

वीस हातांनंतर त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मी जागा सोडली नाही. खांदा पुन्हा लागला. मी मनात मोजत होते, बावीस, पंचवीस, तीस. चाळिसाव्या हाताला त्यांचा खांदा लागायचा थांबला. अण्णा सरळ जात होते. मी शेजारून बघत होते, त्यांच्या तोंडावर असं काहीतरी होतं की मला रडू आलं, आणि पोहताना रडू नये हे त्यांनीच शिकवलेलं, म्हणून दोन घोट खारं पाणी पोटात गेलं. त्यांचा हात लाल गोळ्याला लागला तेव्हा मागून होडीतून शिट्टी वाजली. थांबा म्हणून नव्हती ती. गाईड उभा राहून लांबलचक शिट्टी मारत होता, नुसतीच.

गोळ्याला मिठी मारून अण्णांनी मागं बघितलं. किनारा इतका लांब राहिला होता की माझा नवरा बोटभर दिसत होता. "कडं किती माघारी राहिलं बघ," ते म्हणाले, आणि बराच वेळ बघत राहिले. परत येताना त्यांनी होडीत बसायला खळखळ केली नाही.

गावी पोचवायला मीच गेले, नवऱ्यासोबत. आण मोडलेली, त्यामुळं काकूंना तोंड कसं दाखवायचं याची धाकधूक होती. काकू दारात उभ्या. अण्णांनी पिशवीतून अंग पुसलेला पंचा काढला. तो त्यांनी मला धुऊ दिला नव्हता. वाळून कडकडीत झालेला. काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. दर्या."

काकूंनी पंचाचं टोक जिभेला लावलं. तोंड वेडंवाकडं केलं. "अगं बया, खरंच खारट हाय की." मग पंचा पोटाशी धरून, माझ्याकडं अजिबात न बघता, अण्णांना विचारलं, "सरळ गेलाव का?"

अण्णा खाटेवर बसले. चपला काढून जोडीनं खाटेखाली सारल्या.

"तीनदा वळलो," ते म्हणाले. "चौथ्याला हिनं नेलं."

मी म्हैस बघायला म्हणून गोठ्यात गेले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले.